तात्यांची चार वाक्यं

"तात्या गेले. सकाळी सात वाजता. ओढ्यातच, डोलीत. तुमी या." सुगंधानं एवढंच सांगून फोन ठेवला. तात्यांची ही सून रडत नव्हती असं नाही. पण निरोप आधी, रडणं मागून, ही त्या घरातली शिस्त. महाडच्या ऑफिसात मी फोन धरून उभा राहिलो, आणि दुःखाच्याही आधी आली ती स्वतःची किळस... तिचं कारण सांगतो, पण आधी तात्या.

हे माझे चुलते. मुंबईत एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते, ट्रंक कॉलच्या जमान्यात. माणसांना तीन मिनिटं मिळायची आणि ती "बरा हायस ना, बरी हाय ना" करण्यात जायची. "आई आजारी आहे, ये" हे सांगायचंच राहायचं. ते ऐकून ऐकून तात्यांचं डोकं फिरलं असावं. निवृत्तीनंतर पोलादपूरच्या वर, कुडपणच्या बाजूच्या आमच्या वाडीत ते परतले आणि गरजवंतांना बोलायला शिकवू लागले. मुलाखतीला जाणारी पोरगी असो की बँकेत साहेबाला भेटायला निघालेला म्हातारा, तात्या त्याला ओढ्यापासून वरच्या आंब्यापर्यंतचा चढ चढायला लावत आणि चढता चढताच बोलायला लावत. आंबा यायच्या आत सांगणं संपलं पाहिजे. अर्ध्यावर छाती भरून आली की 'सविनय', 'आपल्या कृपेने' वगैरे आपोआप गळून पडायचं. "दमलेला माणूस फालतू बोलत नाय रे, आणि खोटं तर नायच नाय," ते म्हणत. माझी पहिली मुलाखतही त्याच चढावर घोकलेली.

दोन पावसाळ्यांमागे ओढ्यावरचा साकव वाहून गेला. एवढासा पूल, पण वाडीची दवाखान्याची वाट तीच. पोलादपुरात मोठ्या साहेबांची सभा ठरली, वाडीतर्फे एकाला बोलायला मिळणार होतं. तात्यांना दम्यानं धरलेलं. "माझा दम पुरत नाय, तू बोल," म्हणत त्यांनी पोस्टकार्डावर लिहून दिलं : 'आमचा साकव वाहून गेला. आजारी माणूस डोलीतून पाण्यातून न्यावा लागतो. वीस फुटांचा साकव हवा. कधी होईल ते आज सांगा.' सुट्टी काढून चार दिवस मी चढ चढलो-उतरलो. तोंडपाठ झालं.

आणि माईक हातात आल्यावर मी काय केलं? "आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान..." वर सातजण बसलेले. कुणाचं राहिलं तर राग नको, म्हणून एकेकाचं पदासकट नाव घेतलं. एकाचं पद चुकलं, त्याची माफी मागितली, पुन्हा घेतलं. तेवढ्यात सूत्रसंचालकानं वेळ संपल्याचं सांगितलं आणि साहेब जेवायला उठले. कार्ड खिशात घामानं भिजलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि शी... मला त्या आवडल्यासुद्धा. संध्याकाळी तात्यांनी विचारलं, "चारी सांगितलीस?"

"चारी. बघतो म्हणाले."

तात्या निर्धास्त झाले. पुन्हा अर्ज करू म्हणणाऱ्यांना तेच थांबवू लागले. "एकदा नीट सांगितलाय. आता करतील." माझ्या शब्दावर त्यांनी अख्खी वाडी गप्प बसवली, आणि मी दर सणाला वर जाऊन त्यांच्या हातचा चहा पीत राहिलो.

चौथ्या दिवशी पोलादपुरात शोकसभा झाली. सातांपैकी तिघे व्यासपीठावर. एकजण मितभाषी तात्यांवर पाऊण तास बोलला. मध्येच त्यांचं नाव विसरला, तेव्हा फोटोखालच्या पट्टीवर वाचून घेतलं. साकवाचं अवाक्षर नाही. मला शिसारी आली. पण कुणाला नावं ठेवणार? उचलली जीभ लावली टाळ्याला, यात मी त्यांचाच भाऊबंद. "दोन शब्द बोला," म्हणाले, तेव्हा मी मान हलवून नको म्हटलं.

बाराव्याला वाडीवर गेलो. ओढ्यातून भिजून चढाला लागलो. पुढे सुगंधा, डोक्यावर पत्रावळींचा गठ्ठा. मागे न बघता म्हणाली, "भावजी, शेवटपर्यंत इचारत होते, सायबाचा काय निरोप हाय का म्हणून. तुमी सांगितला होतात ना?"

माझी छाती धपापत होती. "मी सांगितलंच नाही. नावं घेत बसलो. तात्यांशी खोटं बोललो. त्यांनी वाडीला थांबवलं ते माझ्यामुळे."

ती थांबली. गठ्ठा सारखा केला आणि चालू लागली.

आंबा अजून बराच वर होता. माझं सांगून झालं होतं.