दर्शनाचा राखणदार

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या दर्शनाने त्या दिवशी दुपारपर्यंत चार कप चहा गार केला, प्यायली एकही नाही. अशी बातमी चाळीत लपते होय? कारणही लगेच कळलं. चार वाजता साहेबाला, म्हणजे अजित सरांना, व्हिडिओ कॉलवर प्रोग्राम दाखवायचा होता. तो नीट चालला तर नोकरी पक्की, नाहीतर प्रोबेशनचे आणखी सहा महिने.

प्रोग्राम जावा या कॉम्प्युटरच्या भाषेतला. एका हॉस्पिटलच्या दोनशे पेशंटना ‘उद्या तपासणीला या’ असे निरोप धाडायचे आणि गुपचूप बंद व्हायचं, एवढंच त्याचं काम. निरोप सगळे जात. पडद्यावर ‘काम संपलं’ असंही उमटे. पण बंद व्हायचं नाव नाही! पाहुण्याने ‘येतो हं’ म्हणावं आणि उंबऱ्यात तासभर गप्पा झोडाव्यात, तसं.

दोन वाजता खोड सापडली. निरोप धाडणारा थ्रेड, म्हणजे मागे बसून राबणारा गडी, पुढच्या निरोपाची वाट बघत बसलेला. तो बसलाय तोवर जावा दुकान बंद करत नाही. दर्शनाने त्याला ‘डीमन’ करून टाकलं. डीमनसाठी जावा थांबत नाही. प्रोग्राम फटकन बंद झाला. ती नाचणार, इतक्यात तिने गेलेले निरोप पाहिले: एकशे त्र्याऐंशी. डीमन हातातल्या कामासकट कापला गेला होता. सतरा पेशंट अधांतरी!

“मेले मी!”

सासूबाई सुभद्रा, मूळच्या मालवणकडच्या, कोकमाची सोलं निवडत होत्या. “काय गो झाला? कोण मेला?”

“डीमन, आई. तो मागे बसून काम करतो, दिसत नाही.”

“म्हंजे राखणदार!” घराची न दिसता राखण करणाऱ्या देवाला जोडावेत तसे सुभद्राबाईंनी हात जोडले. “आणि त्येका सांगल्याशिवाय दार लावलंस?”

“आई, हे कॉम्प्युटरचं आहे हो.”

“कॉम्प्युटर असांदे नायतर घर. आधी हाक मारूची, आता नवीन काय नाय, हातातला पुरा कर. त्येची ओ इली की मगेच दार लावूचा.”

दर्शनाचा हात कीबोर्डवर थबकला. ओ येईपर्यंत थांबायचं! तिने थ्रेडला ‘आता नवीन काही नाही’ असा शेवटचा निरोप द्यायची ओळ लिहिली, आणि तिच्याखाली तो गडी काम उरकेपर्यंत मुख्य प्रोग्रामने थांबायची, ‘जॉईन’ची दुसरी ओळ. तपासायला वेळ कुठला? चार वाजलेच.

अजित सर पडद्यावर आले. गेलेल्या निरोपांचा आकडा पळाला आणि नेमका एकशे त्र्याऐंशीवर अडला.

“हँग झाला का?”

“नाही सर. ओ यायचीय.”

“कुणाची?”

एकशे नव्वद... दोनशे. प्रोग्राम अलगद बंद झाला.

“छान. तुझं पक्कं समज,” सर म्हणाले. “पण मागे कोण आहे?”

दर्शनाच्या खांद्यावरून सुभद्राबाई डोकावल्या होत्या. “साहेबानु, तुम्ही मूळचे खंयचे?”

प्रोग्राम बंद झाला होता. मीटिंग मात्र पावणेपाचपर्यंत चालूच होती.