धक्क्यापासून किल्ल्यापर्यंत, बंडीनं

संत्र्याच्या ढिगातून खालचं एक फळ ओढलं, की वरची दहा घरंगळत येतात. आमच्या जहाजाच्या किश्शांचं तसंच झालं आहे. आमच्या भागात कोणी नुसतं "कोची" म्हटलं, की तीन दुकानांतून तीन माणसं सांगायला उठतात, आणि प्रत्येकाच्या किश्शात तो एकटाच शहाणा असतो! मला चारचौघांत बोलणं जमत नाही, म्हणून लिहून काढतो.

झालं असं, की ठिबकचे पाइप बनवणाऱ्या एका कंपनीनं आम्हा दुकानदारांना क्रूझवर नेलं. मुंबई ते कोची आणि परत. माझे बाबा विहिरीतसुद्धा वाकून पाहत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी मी गेलो. आमच्या भागातले आणखी तिघं होते. पांढुर्ण्याचे पराते भाऊ. खताचं दुकान आणि तालुक्यातला सगळ्यात मोठा आवाज. डोंगरे सर, आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आता बियाणं विकतात. आणि सौसरचे गावंडे काका.

गावंडे काकांचं प्रकरण वेगळं. त्यांची मुलगी सीमा बी.एड. झालेली. मी नववीतून शाळा सोडलेला. सीमानं घरी माझ्यासाठी हो म्हटलं होतं, पण काका बाबांना म्हणाले, "पोरगा गुणाचा आहे हो. पण तोंडच उघडत नाही. उद्या पोरीले घेऊन बाहेरगावी गेला, तं रस्ता तरी विचारंल का? पाहतो आता जहाजावर."

दुसरं स्थळ पुण्याचा इंजिनियर होता. त्याचा बायोडाटा काकांच्या शर्टाच्या खिशात होता. तीन दिवस मला त्या कागदाचा कोपरा दिसत होता!

* * *

कोचीला जहाज धक्क्याला लागलं. चार वाजता परत जहाजावर, नाहीतर जहाज निघून जाईल, असं बजावून आम्हाला सोडलं. आम्हाला तिथला किल्ला पाहायचा होता. खाली एक बस उभी होती. पराते भाऊंनी खिडकीतून हात घालून चार सीटांवर रुमाल, टोपी, चष्म्याचं घर आणि संत्र्याची पिशवी टाकली. एका गोऱ्या बाईनं टोपी उचलून बसायचा प्रयत्न केला, तर भाऊ बाहेरून ओरडले, "मॅडम, रिझर्व्ह! रिझर्व्ह!"

बस सुटली. भाऊंनी चप्पल काढून पाय वर घेतले. "आता किल्ला येईलोक एक झोप होते."

दोन मिनिटांत बस थांबली. सगळे उतरले. भाऊ बसूनच.

"उतरा भाऊ," डोंगरे सर म्हणाले.

"किल्ला आला?"

"बंदराचं गेट आलं. बस गेटपर्यंतच होती."

* * *

गेटबाहेर ड्रायव्हर लोकांनी घेरलं. एक जाडसर मिशीवाला पुढं झाला आणि म्हणाला, "वंडी? वंडी वेणो?"

पराते भाऊ थबकले. "काय म्हणते हा? बंडी?"

आता आमच्याकडं बंडी म्हणजे बैलगाडी, हे वेगळं सांगायला नको. भाऊंचा चेहरा लाल झाला.

"अरे, समुद्रातून जहाजात बसून आलो ना आम्ही! अन् हा मले बंडीत बसवून राहिला! माझ्या वावरात दोन बंड्या उभ्या आहेत म्हणावं, तिथं कोणी बसत नाही!"

सर म्हणाले, "पर्यटकांसाठी असते. हेरिटेज."

"हेरिटेज तुमच्या घरी न्या!"

भाऊंनी सगळ्या ड्रायव्हरांना हात हलवून हाकललं आणि आम्ही चालायला लागलो. ऊन असं, की बिनटोपीच्या सरांचं टक्कल पेटायला आलं. पाऊण तास चाललो. शेवटी भाऊच रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडले, "अरे, या गावात ऑटो नाही का एखादा?"

मागं हॉर्न वाजला. तोच मिशीवाला! गेटपासून हळूहळू आमच्या मागं येत होता. ऑटोच्या टपावर थाप मारून हसत म्हणाला, "वंडी!"

काका माझ्याकडं वळले. "तुले समजलं होतं का रे?"

"हो काका. गेटवरबी तो ऑटोवरच थाप मारून राहिला होता."

"मंग बोलला काऊन नाही?"

"भाऊ बोलून राहिले होते ना."

काकांनी खिशातला कागद सरळ केला.

* * *

ड्रायव्हरनं तीन बोटं दाखवली. तीनच माणसं बसणार. भाऊ म्हणाले, "जामसावळीले मारुतीच्या दर्शनाला जाताना एका ऑटोत आम्ही नऊ जातो, अन् दहावा लटकते!" हे त्याला कळलं की भाऊंच्या आवाजाला तो घाबरला, माहीत नाही, पण त्यानं मला शेजारी बसवलं. म्हणून मला त्याची भाषा ऐकायला मिळाली. बाकीचे ड्रायव्हर त्याला "चेट्टा" म्हणत होते. नाव असेल म्हणून मी त्याचा नंबर त्याच नावानं मोबाइलमध्ये टाकून घेतला. पुढं कळलं, तिकडं चेट्टा म्हणजे दादा. त्या गावात सगळेच चेट्टा!

वाटेत भाऊ नारळपाण्याला उतरले. त्यांनी क्रूझसाठी खास शर्ट घेतला होता. त्यावर पोपट, अननस आणि पाठीवर एक पूर्ण होडी. चेट्टाला उशीर होत होता. तो हात करून म्हणाला, "वा, वा!"

भाऊंनी कॉलर नीट केली.

चेट्टा आणखी जोरात, "वा! वा!"

भाऊंनी सावकाश मागं वळून त्याला होडीपण दाखवली.

"पहा सर," ऑटोत बसत ते म्हणाले, "परमुलखातल्या माणसाले कदर आहे. पांढुर्ण्यात एकानं विचारलं नाही."

मी काकांच्या कानाशी लागलो. "काका, तिकडं 'वा' म्हणजे ये. लवकर ये म्हणून राहिला तो."

काका माझ्याकडं पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, "भाऊले सांगू नको. त्यायचा दिवस चांगला जाऊन राहिला."

* * *

चेट्टानं आम्हाला मासे धरायच्या मोठ्या जाळ्यांपाशी सोडलं. म्हणाला, फोर्ट कोची. डोंगरे सरांनी चष्मा पुसला. सरांनी जहाजावर तीन दिवस आम्हाला किल्ल्याचा इतिहास सांगितला होता. बुरूज किती, दरवाजे कुठं, सगळं.

सरांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "व्हेअर इज फोर्ट?"

"धिस इज फोर्ट."

"नो नो. फोर्ट. किल्ला. वॉल!"

"धिस ओन्ली फोर्ट. नो वॉल."

किल्ला कधीचाच पडला, नाव तेवढं राहिलं, असं त्या म्हाताऱ्यानं हातवारे करून सांगितलं. सरांना पटलं नाही. "अशिक्षित माणूस," म्हणाले. मग त्यांनी अर्धा तास हिंडून एका गोदामाची काळी पडलेली भिंत शोधली, तिला टेकून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, "ऐतिहासिक तटबंदीच्या सान्निध्यात." भिंतीवर शटर होतं, शटरला कुलूप होतं. तरी पांढुर्ण्याहून एकोणीस अंगठे आले!

* * *

तिथंच फळांची गाडी होती. वर पाटी, "नागपूर ऑरेंज". झालं! आमची संत्री आमच्याच झाडाची, आमच्याच मजुरांनी तोडलेली, पण बाहेर गेली की नागपूरची होतात. भाऊंना हे घरीही सहन होत नाही, तिकडं कसं होणार?

"नागपूर?" भाऊ गरजले. "नागपुरात झाडं कुठं आहेत बे? फ्लायओव्हरले लागतात का संत्रे?" त्यांनी पिशवीतून घरचं संत्रं काढून गाडीवाल्यापुढं धरलं. "हे खा! पांढुर्ण्याचं! खा!"

गाडीवाला मागं सरकला. "वेंडा, वेंडा."

भाऊंचं संत्रं हातातच राहिलं. मग एकदम, "मले वेडा म्हणते! सर, ऐकलं ना? प्रेमानं खाऊ घालून राहिलो, अन् वेडा म्हणते!"

भाऊंनी बाह्या वर केल्या. पोपट चुरगळले. लोक जमले. मी मध्ये शिरलो.

"भाऊ, वेंडा म्हणजे नको. तो फक्त नको म्हणून राहिला. मी ऑटोत चेट्टाले पाणी दिलं तं तोबी हेच म्हणाला."

भाऊंनी बाह्या खाली केल्या. पण काका लांबून म्हणाले, "पोपटपंची ठीक आहे. चार वाजता जहाजावर कसं जायचं ते पाहा."

* * *

परतीचा मार्ग डोंगरे सरांनी ठरवला. ऑटोनं वळसा कशाला, फेरीबोटीनं सरळ जाऊ. जेट्टीवर त्यांनी बोटीकडं बोट दाखवून एकाला विचारलं, "शिप? शिप?" माणूस "येस, येस" म्हणाला. आम्ही चढलो. मी म्हटलं, "सर, बोटीच्या पाटीवर जायच्या जागेचं नाव वेगळं दिसून राहिलं." सर म्हणाले, "बेटा, इंग्रजी कोणी शिकवली? तू की मी?"

पाच मिनिटांत उतरलो. समोर पाणी, आणि पाण्यापलीकडं आमचं जहाज! आम्ही भलत्याच काठाला आलो होतो. सव्वातीन वाजले होते.

भाऊंनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. "जहाज थांबवा! सांगा, पांढुर्ण्याची पार्टी येऊन राहिली!" सौसरच्या स्टँडवर बस थांबते तशी! सर पाटीवरचं नाव पुन्हापुन्हा वाचत होते. काका मात्र एका खांबाला धरून बसले. घामानं खिशातला बायोडाटा भिजला होता. बी.पी.ची गोळी जहाजावर. ते माझ्याकडं पाहून एवढंच म्हणाले, "गजू, काही करशील का रे?"

मी मोबाइल काढला. चेट्टाचा नंबर लावला.

"चेट्टा? चेट्टा, वंडी. फेरी, जेट्टी. वा! वा! वा!"

पलीकडून तो काहीतरी बोलला. मला त्यातलं एकच कळलं, "वंडी." मी काकांचा हात धरून त्यांना परतीच्या बोटीत बसवलं. निघालो होतो त्याच जेट्टीवर ऑटो चालूच उभा होता. चार वाजायला पाच मिनिटं असताना आम्ही जिना चढलो. भाऊ वरून ओरडले, "पाहा, माझ्या फोननं थांबवलं ना जहाज!"

* * *

आठ दिवसांनी मी पाइपाचं भेंडोळं खांद्यावर घेऊन सौसरला काकांच्या घरी गेलो. ओट्यावर भाऊ पोपटांचा शर्ट घालून चहा पीत बसले होते. काका दारात उभे, कानाला फोन. पुण्याहून होता.

"हो... हो, पोरगा हुशार आहे तुमचा... हो, कागद मिळाला, भिजला थोडा... नाही नाही, तसं नाही..." काका थांबले. त्यांना मी फाटकाशी दिसलो. ते फोनमध्ये मोठ्यानं म्हणाले, "वेंडा."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"अहो, वेंडा! वेंडा म्हणून राहिलो!"

त्यांनी फोन खिशात टाकला, दारातून बाजूला झाले आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "वा, वा!"

ओट्यावर पराते भाऊंनी कॉलर नीट केली. मी चपला काढल्या.