माल पुण्याला, धूर कंग्राळीला

माल पुण्याला जातो, धूर आणि किस्से इथंच राहतात. कंग्राळीच्या एका फौंड्रीत मी डिस्पॅचला आहे. ट्रक भरून दिला की माझं काम संपतं, किस्से मात्र साचत जातात. खरं सांगायचं तर हल्ली त्यातल्या निम्म्यांवर हसू येत नाही.

*

पुण्याच्या कंपनीचे साहेब व्हिजिटला आले. ती कंपनी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, तिच्या पंपांच्या बॉड्या आम्ही ओततो. नाकाला रुमाल लावून साहेब म्हणाले, "आमच्याकडे आता धूर अजिबात नाही! ओतकाम सगळं बाहेर दिलं."

भट्टीवरच्या यल्लाप्पाअण्णांनी विचारलं, "बाहीर म्हंजे कुठं, साहेब?"

साहेबांनी काळ्या छपराकडं बघितलं. "म्हणजे... इथं!"

*

त्याच व्हिजिटला आमच्या मालकांनी सगळ्यांना मास्क वाटले. फोटो झाले, साहेब गेले आणि मालकांनी मास्क मोजून परत घेतले. "पुढच्या व्हिजिटला लागतील!"

अण्णा म्हणाले, "मग धूर बी तवाच सोडूया की!"

*

आमचा ड्रायव्हर दस्तगीर पुण्याच्या कंपनीत माल टाकून आला तो खुशीत. "काय त्यांची बाग! गेटवर हवेचा बोर्ड हाय. हवा चांगली असली की हिरवा दिवा लागतोय!"

मी घरी बायकोला सांगितलं. ती दोरीवरचे कपडे झटकत होती. माझ्या पांढऱ्या बनियनवर काजळीचे ठिपके दाखवून म्हणाली, "आपला बोर्ड ह्यो!"

*

अण्णांचा खोकला वाढला तेव्हा मीच त्यांना टिळकवाडीच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरला. "सिगारेटी किती ओढता?"

"एकबी न्हाय."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी खाली बघितलं. "भट्टी सोडा," ते म्हणाले. "नाहीतर फार दिवस काढणार नाही तुम्ही. आधी हवापालट करा."

हवापालटाला कुठं? तर पुण्यालाच! अण्णांचा मुलगा महेश त्याच पंपाच्या कंपनीत परचेसला आहे. तो येऊन वडिलांना घेऊन गेला. मला फार बरं वाटलं.

*

अण्णा पुण्याला गेले आणि इकडं आमच्या मालात पोकळ्या यायला लागल्या. अख्खा ट्रक रिजेक्ट झाला. महेशचा मला फोन, "काका, साहेब मलाच धरायलेत! पुढचा लॉट बी असाच आला तर माझी नोकरी जाती!"

तो बोलत होता तेव्हा तिकडं अण्णा त्याच्या शेजारीच जेवत होते.

दोन दिवसांनी आमच्या रिकाम्या ट्रकमधून अण्णा उतरले. मुलाला सांगून आले होते, इथं करमत नाही, कंग्राळीला घरी बसून राहतो म्हणून. तोंडाला टॉवेल बांधला आणि थेट भट्टीपुढं उभे राहिले.

मी ओरडलो, "अण्णा, डॉक्टर काय म्हणालेत?"

"तिथं खोकला गेलता रं," ते म्हणाले. "लई झोप लागायची."



पुढचा लॉट गेला. महेशचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. "काका, एकबी पीस रिजेक्ट न्हाय! भट्टीवर कोण हाय?"

अण्णा माझ्या शेजारी खांबाला धरून उभे होते. खोकला ऐकू जाऊ नये म्हणून टॉवेल तोंडात कोंबलेला. हातानंच 'नको, नको' म्हणाले.

"नवीन माणूस हाय," मी म्हणालो.

"त्याला सोडू नका, काका!"