मिलिटरीची गाठ

महाबळेश्वरचा वारा आमच्या खुराड्यावरची ताडपत्री रोज उडवायचा. फौजेतून निवृत्त झालेले आमचे हे शेवटी इरेला पेटले. ताडपत्री बांबूच्या खुराड्याला आवळून म्हणाले, "मिलिटरीची गाठ हाय, सुटायची न्हाई!"

सकाळी मागचं दार उघडलं आणि मी किंचाळलेच. ताडपत्रीसकट अख्खं खुराडंच उडून खालच्या वावरात पडलं होतं! आणि कोंबड्या? चिखलात धावत सगळं परसू पालथं घातलं. तेवढ्यात पडवीत कुरकुर ऐकू आली. सासूबाईंचं पावसात पांघरायचं इरलं तिथं उपडं होतं. उचललं, तर खाली सगळ्या कोंबड्या, कोरड्याठाक!

सासूबाई म्हणाल्या, "त्यानं गाठ मारली, तवाच इरल्याखाली डालल्या मी."

इतक्यात हे मोडकं खुराडं डोक्यावर घेऊन, चिंब भिजून, हसत आले. "बघितलंस? गाठ सुटली न्हाई!"