मागं साफ हाये का?

काहीही बोलायच्या आधी चाचा मागे वळून बघायचे. मी बारावी पास झाल्याचं सांगायला गेले, तेव्हाही त्यांनी उजव्या खांद्यावरून मान फिरवली, पाठीमागच्या भिंतीकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मागं साफ हाये का?"

मला प्रश्न कळला नाही. मी नुसतं "हो" म्हणाले.

"मंग कर कॉलेज. बिनधास."

आमच्या घरातून याआधी कोणीच कॉलेजात गेलेलं नव्हतं. त्यामुळे मागे तसं साफच होतं.

चाचा ड्रायव्हर होते, पण उलटे. हे मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. तुम्ही आमच्या भागातल्या एखाद्या जत्रेत ट्रॅक्टर रिव्हर्सची स्पर्धा पाहिली असेल, तर लगेच कळेल. मैदानात फक्कीच्या दोन पांढऱ्या रेघा मारतात. ट्रॅक्टरला दोन चाकी ट्रॉली जोडलेली असते. ती त्या रेघांच्या मधून उलटी न्यायची. रेघेला चाक लागलं की बाद. न लागता सगळ्यात लवकर पोचला, तो पहिला. ऐकायला सोपं वाटतं. पण ट्रॉली डावीकडे न्यायची, तर आधी स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, आणि तेवढ्यात ट्रॉलीचा विचार बदलतो.

चाचा हे आमच्या गल्लीतच शिकले. नवीन जालन्यातली आमची गल्ली शेवटी बंद आहे आणि इतकी अरुंद, की आत आलेली गाडी वळत नाही. पाण्याचा टँकर असो की नवरदेवाची कार, आत आली की किल्ली चाचांच्या हातात. लोक गल्लीत टाकलेल्या बाजा उचलून उंबऱ्यावर उभे राहायचे. चाचा मान फिरवून ओरडायचे, "मागं साफ हाये का?" सगळी गल्ली उत्तर द्यायची, "साफ हाये!" आणि गाडी सुईत दोरा जावा तशी बाहेर.

सरळ चालवायला मात्र त्यांना सुचायचं नाही. एकदा अंबडच्या रस्त्यावर ते ट्रॅक्टर सरळ घेऊन गेले आणि समोर काही नसताना नालीत उतरले. "समोरचं लय दिसतं," म्हणाले. "कशाकडं बघावं, कळंना." एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात ते भंगाराची ट्रॉली चालवायचे, तिथे ते गेटपासून आतपर्यंत उलटेच जायचे. वॉचमन त्यांच्या मानेला सलाम करायचा. रिक्षात ते मागे तोंड करून बसायचे. घरातल्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत त्यांचा फक्त कान आहे.

स्पर्धेत माईकवर बोलायला त्यांनीच मला नेलं. "तू शिकलेली हायेस. शुद्ध बोल." मी घाबरून पहिल्याच दिवशी म्हणाले, "चालक महोदय आता मागे येत आहेत." लोक हसले. चाचांना मात्र ते इतकं आवडलं, की नंतर प्रत्येक ठिकाणी माझ्याकडून तेच म्हणवून घेतलं. पंच गडबडीत "ड्रायव्हर" म्हणाला, तर चाचा ट्रॅक्टरवरून सांगायचे, "महोदय म्हण रे!"

चाची प्रत्येक स्पर्धेला सोबत असायच्या, डबा घेऊन. पण मैदानाकडे पाठ करून बसायच्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मी बघितलं की चाक लायनीवर जातं, बेटा. लग्न झालं तवापासून म्या एकदा बी बघितलं न्हाई. म्हणून तर जिंकून राह्यलेत ते." त्यामुळे चाचा मैदानात उलटे, चाची बाहेर उलट्या, आणि बक्षिसाचा पंखा दोघांच्या मध्ये सुलटा. त्यांच्या दोन खोल्यांत इतके पंखे झाले होते, की सगळे एकदम लावले तर चटई उडायची.

मग त्यांचा उजवा हात बधिर व्हायला लागला. डॉक्टरांनी मानेची शीर दबल्याचं सांगितलं. ऑपरेशन केलं तर हात वाचेल, पण मान पुन्हा खांद्यापर्यंत फिरणार नाही. तोवर गळ्याला पट्टा.

"म्हंजी मी समोर बघायचं?" चाचांनी विचारलं.

"सगळे लोक समोरच बघतात, काका."

"म्हणून तर नालीत जातात," चाचा म्हणाले. ऑपरेशनच्या आधी अंबडजवळच्या एका गावची जत्रा होती. तेवढी एक खेळायची आणि मग मान डॉक्टरला देऊन टाकायची, असं त्यांनी ठरवलं.

पट्ट्यात मान हलत नव्हती. मागे बघणार कसं? चाचांनी उपाय काढला. चाचींनी ट्रॅक्टरच्या समोर उभं राहायचं, आणि मागे ट्रॉली कुठे जाते ते चाचा चाचींच्या तोंडावर वाचणार.

"मी बघितलं की चाक जातं!" चाची रडकुंडीला आल्या.

"तू चाकाकडं बघ. मी तुझ्याकडं बघतो. बराबर होतंय का न्हाई बघ."

गल्लीत सराव झाला. ट्रॉली डावीकडे कलली की चाचींचा डावा डोळा बारीक व्हायचा. उजवीकडे गेली की ओठ उजवीकडे ओढला जायचा. त्यांना स्वतःला हे माहीत नव्हतं. चाचांना माहीत होतं. जेवताना भाजीत मीठ किती पडलंय, तेही ते असंच ओळखायचे.

जत्रेत पंचांनी बराच विचार केला. समोर बायको उभी करू नये, असा नियम कुठेच नव्हता. मी माईक धरला. "चालक महोदय आता मागे येत आहेत. ते मागे बघत नाहीत. ते... घरच्यांकडे बघत आहेत."

कोणी हसलं नाही. ट्रॉली निघाली. चाचींचा डोळा बारीक झाला, स्टेअरिंग फिरलं. ओठ ओढला गेला, पुन्हा फिरलं. चाची ट्रॅक्टरसोबत पुढे पुढे चालत होत्या. दोन्ही रेघा दोन्ही बाजूंना अगदी सारख्या लांब राहिल्या. शेवटची खूण चार हातांवर आली. ट्रॉली सरळ होती. चाचींनी नवऱ्याला जिंकताना आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

आणि त्या हसल्या.

पूर्ण तोंडभर हसल्या, दोन्ही बाजूंनी. चाचा गोंधळले. त्यांनी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, मग उजवीकडे, आणि चाक फक्कीवर चढलं. बाद.

परत येताना चाचा मला म्हणाले, "डोळा बारीक केला, कळलं. ओठ ओढला, कळलं. पण हासली, तर स्टेअरिंग कुठं फिरवायचं? मैदानात ही कधी हासलीच न्हाई ना!"

"म्हटलं न्हवतं?" चाची म्हणाल्या. "मी बघितलं की जातं."

आता ते दोघं परभणीला लेकीकडे असतात. हात बरा आहे. लेकीच्या घरासमोर रुंद रस्ता आहे, तिथे कोणालाच रिव्हर्स घ्यावं लागत नाही. आमच्या गल्लीत गाड्या येत नाहीत. टँकर तोंडाशीच थांबतो आणि आम्ही हंडे घेऊन तिकडे जातो.

ऑपरेशनच्या दिवशी चाचांना दवाखान्यात न्यायला आलेली जीप ही आत आलेली शेवटची गाडी. नव्या ड्रायव्हरने भिंत दोनदा खरवडली आणि घाम पुसत बसला. चाचांनी त्याला खाली उतरवलं आणि गळ्यातल्या पट्ट्यासकट स्वतः चढून बसले. बधिर हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने स्टेअरिंग धरलं. चाची हातात पिशवी घेऊन बॉनेटसमोर उभ्या राहिल्या.

"मागं साफ हाये का?"

"साफ हाये!" गल्ली ओरडली.

मी उंबऱ्यावरून जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाले, "चालक महोदय आता मागे जात आहेत."

जीप मागे सरकत होती आणि चाची तिच्यासमोर चालत होत्या, दगडासारखा चेहरा करून. डोळा, ओठ, पुन्हा डोळा. भिंतीला कुठेच काही लागलं नाही. जीप मोठ्या रस्त्यावर पोचली, तेव्हा चाचींना राहवलं नाही. त्या हसल्या.

जीप जागच्या जागी थांबली. चाचांनी खिडकीतून डावा हात बाहेर काढला.

"अब किधर घुमाऊं?"

"किधर बी नक्को," चाची म्हणाल्या. "आ गए अपन."