हिरोईन आते आणि पळालेला डायरेक्टर

पिक्चरमध्ये ठग दिसला की हिरोईन आते कायम त्याच्या बाजूने. शिरोड्याच्या आपल्या खानावळीत नारळ खवता खवता ती मोबाईलवर विनोदी सिनेमे बघायची. पोलीस जवळ आले की ओरडायची, "पळ मेल्या, मागल्या दारान!" ती माझ्या बाबांची चुलत बहीण. पूर्वी तिला सगळे शालूआते म्हणत. 'हिरोईन' हे नाव गावाने नंतर चिडवायला ठेवलं.

झालं असं, की शूटिंगची जागा शोधत एक डायरेक्टर आला आणि ती भाड्याने देते त्या खोलीत उतरला. रोज तिची सुरमई खाताना तो आपल्या सिनेमाची गोष्ट सांगे. एक ठग डायरेक्टर बनून गावात येतो, फुकट राहतो, जेवतो आणि दागिना घेऊन पसार होतो. सगळ्यात जास्त आतेच हसायची. वर त्याला सुचवायची, "शेवटाक तेका पकडू नको हां. मजा जाता." त्याने तिला फसणाऱ्या बाईचं काम दिलं आणि कॅमेऱ्यात कसा दिसतो ते बघायला तिच्या सासूचा चंद्रहार मागून घेतला. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी होती.

तक्रार केली, पण हार मिळाला नाही. बाजारात मासे विकणाऱ्या बायका हाक मारू लागल्या, "गो हिरोईन, पिक्चर कधी लागता?" तिच्या मुलाचा, बाळूदादाचा, मुंबईहून फोन आला, "खानावळ बंद कर आणि इकडे ये. तिथे आता कुणाला तोंड दाखवणार?"

"तोंड त्या चोरान लपवूचा! मी कित्याक लपवू? ही चूल माझी आसा."

फोन ठेवून ती रडली. मी सुट्टीत तिच्याकडेच होते. डोळे पुसून तीच म्हणाली, "तुझो मोबाईल बरो आसा मा? चल, तो पिक्चर आपण काढूया."

आमच्याकडे कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि ते घालतात पुरुष. आतेने बाळूदादाची जुनी पँट चढवली, त्या डायरेक्टरसारखा काळा गॉगल लावला आणि अंगणात स्वतःच नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, माझो हार घेवन गेलो तो खंय पण असांदे, तेका ह्यो पिक्चर दिसांदे! आणि माका हसले, तेंका पुरो बघूक लाव!"

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची असते. पण पुरुषांपैकी कुणी तोंड उघडेना. शेवटी मीच म्हटलं, वाटलं त्यापेक्षा बरंच मोठ्याने. मागून बाजारातल्या बायकांनीही म्हटलं.

ठगही तीच झाली आणि फसलेली बाईही तीच. शूट करताना हसून माझा हात हलत होता. तो व्हिडिओ एका मोबाईलवरून दुसऱ्यावर फिरत पार घाटावरच्या आंबोलीपर्यंत पोचला.

मे महिन्यात बाळूदादा तिला न्यायला आला, तेव्हा दारावर नवी पाटी होती: 'हिरोईनची खानावळ'. आत बाकांवर जागा नव्हती.

"आई, लोक हसतायत तुला."

"हसांदेत. हसान भूक लागता." तिने त्याच्या हातातली बॅग घेऊन भिंतीशी ठेवली. "तू बस. ताट वाढतंय."

चार दिवसांनी तो एकटाच परत गेला.