घाटघरच्या रस्त्यावरची आमची रॅली

दोन हजार सालानंतर केबलवर फिनलंडचा एक तरणा रॅली ड्रायव्हर दिसायचा. आधी त्याने गाड्या झाडांत घातल्या, मग शर्यती जिंकायला लागला. त्याच्या शेजारचा माणूस वहीतून पुढची वळणं वाचून दाखवायचा. ते काम मला जमण्यासारखं होतं. जुन्नर ते घाटघर सगळी वळणं मी वहीत क्रमाने उतरवली. घाटघरला मामाकडे जेवायला जायचं होतं. वहिनी एसटीने निघाली, दादा आणि मी जीपने. हरेल त्याने महिनाभर भांडी घासायची.

आमच्याकडे कुणी हात केला की जीप थांबवावीच लागते. सुरुवातीलाच तीन आज्या चढल्या. शर्यत आहे म्हटल्यावर त्याच ओरडू लागल्या, "आता कुणाला घेऊ नको रं बाबा, दाब!" पुढे एका टोपीवाल्याने हात केला, तेव्हा आम्ही वळणावर न थांबता सुटलो.

जिंकलो. पण मामाच्या दाराला कुलूप. अर्ध्या तासाने वहिनीमागोमाग एसटीतून मामा उतरले.

"हात करून खांदा दुखला की, भाच्यांनो!"

त्यांनी किल्ली वहिनीला दिली. "सूनबाई, तू चल आत. ह्ये दोघं लई जोरात आलेत, वाईच थंड होऊ दे."